सत्तेचाळीस नंबर

"गार्गे, सत्तेचाळीस नंबर वाजतोय," शकूआत्या फोनवर म्हणाली.

मी साताऱ्याला कारखान्यात टेस्टिंगच्या टेबलाशी उभी होते. एका हातात मीटरची पिन, दुसऱ्या हातात फोन.

"कुठला सत्तेचाळीस?"

"तू दिलेल्या खेळातला. सकाळी चालू केला की वाजायला लागतो. जोडायला गेलं तर पलीकडं कुणी नाही."

"आत्या, त्या बोर्डावर चोवीसच नंबर आहेत."

"ते मला ठाऊक आहे की. म्हणून तर तुला फोन केला."

मी तिला म्हटलं, संध्याकाळी बघते. मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल.

हा खेळ मीच केला होता. त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते आणि मला जुन्या गेमबॉयचं, म्हणजे हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या डब्यांचं, वेड लागलं होतं. पुण्याच्या जुन्या बाजारातून बंद पडलेले करड्या रंगाचे डबे आणायचे, उघडायचे, गंजलेले पत्रे घासायचे, स्क्रीनच्या तारा पुन्हा चिकटवायच्या. ते जिवंत झाले की त्यांच्यासाठी स्वतः खेळ लिहायचे. आई विचारायची, याचा उपयोग काय? उपयोग काही नव्हता, मला करमायचं. जगात माझ्यासारखे आणखी बरेच रिकामटेकडे होते आणि आम्ही एकमेकांना आपापले खेळ पाठवायचो, एवढंच.

शकूआत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. कऱ्हाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. एके काळी सगळ्या गावाचे नंबर तिला पाठ होते. तिच्या अडसष्टाव्या वाढदिवसाला काय द्यावं ते सुचेना, तेव्हा मी तिच्यासाठी एक्स्चेंजच बनवलं. स्क्रीनवर चोवीस भोकांचा बोर्ड. एक दिवा लुकलुकतो, बारीक किर्र वाजतं, कोणाला कोण हवंय ते दिसतं, आपण बटणं दाबून दोर जोडायचा. उशीर झाला तर गिऱ्हाईक चिडतं. गेमबॉयमध्ये घालायच्या मोटारींच्या शर्यतीच्या एका जुन्या कॅसेटमधली चिप काढून तिथं माझी बसवली आणि वर कागद चिकटवला, 'कऱ्हाड एक्स्चेंज'.

आत्या त्यावर तुटून पडली. कऱ्हाडच्या शनिवार पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी चहा झाला की ती ड्यूटीवर बसायची. "गिऱ्हाइकं फार सभ्य केलीस गं," एवढीच तिची तक्रार होती. "शिव्या घाल की थोड्या."

त्या संध्याकाळी मी खोलीवर येऊन खेळ कॉम्प्युटरवर चालवला. मग माझ्या गेमबॉयवर, माझ्या नेहमीच्या कॅसेटमधून चालवला. त्या एका कॅसेटमध्ये मी माझे सगळे खेळ ठेवायची. चालू केलं की यादी यायची, हवा तो निवडायचा. चोवीस नंबर, चोवीस दिवे. सत्तेचाळीस कुठंही नाही. तसं मी आत्याला कळवलं.

"बरं," ती म्हणाली. "पण आजही वाजला."

चार दिवसांनी पुण्याहून विलासदादाचा फोन आला. दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. माझे बाबा आणि काका दोघंही गेलेले, त्यामुळे आत्याचं हवं-नको तोच बघायचा.

"त्या सत्तेचाळीसचं तुला कळलंय ना?" त्यानं विचारलं.

"हो. काहीतरी चुकून दिसतंय तिला."

"गार्गी, मी तिला विचारलं, सत्तेचाळीस नंबर कुणाचा. ती म्हणाली, बर्फाच्या कारखान्याचा. तो कारखाना बंद पडून वीस वर्षं झालीत. तिथून तिला फोन येतोय."

दादा म्हणाला, "गेल्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून भाजी आणायला गेली. शेजारच्या फडतरेकाकूंनी धूर बघितला म्हणून बरं. आता हे सुरू झालंय. मला तिचं घर नकोय. मला ती धड हवीय. मी तिला पुण्याला आणतोय."

"आणि ती काय म्हणते?"

"म्हणते, गार्गी सांगेल ते. रविवारी तू ये, मी येतो."

मला काही समजेना. त्यात मी कुठून आले?

रविवारी साडेदहाला मी कऱ्हाडला पोचले. आत्यानं दार उघडलं ते गेमबॉय हातात धरूनच. "थांब, अकरावरचा माणूस लाइनवर आहे," म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली. मला हसू आलं. हिला काय झालंय? साडी नीट नेसलेली, ओट्यावर आमटी उकळतेय, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलेलं. काहीच झालेलं दिसत नव्हतं.

तिनं माझ्यापुढं एक वही टाकली. बँकेची जुनी डायरी. आत पट्टीनं रकाने आखलेले. तारीख, वेळ, नंबर, तक्रार, निकाल. पंचवीस-तीस नोंदी होत्या, मला फोन करायच्या कितीतरी आधीपासूनच्या. सकाळी सात दहा, सत्तेचाळीस, रिंग येते, बोलत नाही. सकाळी सात पाच, सत्तेचाळीस, तेच. मधे काही दिवशी 'आज नाही'. शेवटचा रकाना सगळा कोरा.

"निकाल तू लिहायचा," ती म्हणाली. "आमच्याकडं असंच होतं. गिऱ्हाइकानं सांगितलं, रिंग येते आणि कुणी बोलत नाही, तर लाइनमननं जाऊन बघायचं. त्यानं वहीत लिहिलं 'लाइन ओके', की तक्रार बंद. मग गिऱ्हाइकानं कितीही आरडाओरडा करू दे. चाळीस वर्षं मी लोकांना तेच सांगितलं, लाइन ओके आहे, तुम्हाला भास झाला असेल. आता मी गिऱ्हाईक आहे. तू बघ. लाइन खराब असेल तर विलासला सांगायचं, आत्याला इथं राहू दे. लाइन ओके असेल तर मी बॅग भरते."

"आत्या, असं कुठं असतं?"

"असतं. मी विलासला शब्द दिलाय."

मी तिच्या हातातून गेमबॉय घेतला. बंद केला, चालू केला. चोवीस दिवे. बंद, चालू. कारखान्यात हेच माझं काम होतं. एखाद्या विजेच्या पॅनेलबद्दल शंका आली की ते भराभर बंद-चालू करायचं, वीस वेळा, तीस वेळा. लपलेला दोष असेल तर बाहेर येतोच. मी चाळीस वेळा केलं. प्रत्येक वेळी कागदावर एक रेघ ओढत गेले. एकदाही सत्तेचाळीस वाजला नाही.

आत्या समोर बसून शेंगा सोलत होती. माझ्याकडं बघत नव्हती.

"सकाळी वाजतो गं," ती म्हणाली. "पहिल्यांदा लावला की. नंतर दिवसभर गुणी बाळ."

"यंत्राला सकाळ काय आणि दुपार काय, आत्या?"

"ते मला काय विचारतेस? आज राहा, उद्या सकाळी तूच बघ."

सोमवारी माझी सातची पाळी होती. सुट्टी मागितली असती तर मिळालीही असती. पण मला वाटलं, चाळीस वेळा बघितलंय, आणखी काय बघायचं?

एक वाजता दादा आला. जेवताना कुणी विषय काढला नाही. आमटी छान झाली होती आणि दादानं तीनदा भात घेतला. मग आत्या ताटं उचलून आत गेली तसं त्यानं मला गॅलरीत नेलं.

"बघितलंस?"

"हो."

"मग?"

"खेळात काही नाही, दादा. पण ती अगदी ठणठणीत दिसते रे. वही बघ तिची."

"वहीच बघितली. सकाळी उठल्या उठल्या होतं, नंतर नाही. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या वयात असं सुरू झालं तर एकटं ठेवू नका." त्यानं कठड्यावर हात टेकले आणि माझ्याकडं रोखून बघितलं. "तिच्यासाठी खोटं बोलू नकोस, एवढंच म्हणतो. उद्या गॅस उघडा राहिला तर तू आणि मी काय तोंड दाखवणार?"

खोटं बोलायचं माझ्या मनात होतं. खरंच होतं. काहीतरी थाप मारायची, आतली एक तार सुटलीय म्हणायचं, कुणाला कळणार होतं? पण खोटं बोलले आणि तिला काही झालं तर? आणि खरं बोलले तर? मी त्या गॅलरीत उभी राहून खालच्या पानवाल्याकडं बघत होते आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ होता. शेवटी मी जे करायला शिकले होते तेच केलं. चाचणीत जे दिसलं ते सांगायचं.

आत गेलो. आत्या हात पुसत आली. वही उघडून तिनं पेन माझ्या हातात दिलं.

"बोल."

"आत्या, मी चाळीस वेळा बघितलं."

"खात्री आहे?"

"हो."

"मग लिही."

मी निकालाच्या रकान्यात लिहिलं, 'लाइन ओके', आणि खाली सही केली. तिनं चष्मा लावून वाचलं. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"तुझं अक्षर बापासारखं आहे," ती म्हणाली. मग दादाकडं वळली. "विलास, कुंड्या फडतरेबाईंना द्यायच्या. आणि माझी गादी बरोबर घ्यायची, मला दुसऱ्या गादीवर झोप येत नाही."

गेमबॉय आणि वही एका पिशवीत घालून तिनं माझ्याकडं दिली. "तिथं कशाला? तूच ठेव."

पुढं पाच महिने मी तिच्याशी दर रविवारी बोलले. ती बरी होती, पण कमी बोलायची. आधी मी फोन केला की तीच अर्धा तास घ्यायची. आता म्हणायची, "सगळं ठीक गं. तुझी वहिनी काळजी घेते. ठेवू?" मला हायसंही वाटायचं आणि वाईटही वाटायचं, आणि दोन्ही एकदम का वाटतंय ते कळायचं नाही.

डिसेंबरात मला एका नव्या खेळासाठी चिप हवी होती. आत्याच्या कॅसेटमधली काढून वापरावी म्हणून सकाळी चहा घेताना पिशवी काढली. चिप चालतेय का ते बघायला सेल घातले आणि गेमबॉय चालू केला.

किर्र वाजलं. बोर्डावर एकही दिवा लागला नव्हता. वरच्या चौकटीत आकडा लुकलुकत होता, ४७.

मी कप खाली ठेवला. बंद केलं, चालू केलं. काही नाही. चोवीस नंबर, सगळे शांत. पुन्हा, पुन्हा. काही नाही. मला वाटलं, आता मलाच भास व्हायला लागला. हे आमच्या घराण्यातच आहे की काय? मी खरंच आरशात तोंड बघून आले. त्या दिवशी कारखान्यात माझं कशातही लक्ष लागलं नाही. रात्रभर यंत्र बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या चालू केलं. ४७.

मग मी त्या खेळाचं माझं लिखाण, म्हणजे प्रोग्राम, उघडून बसले आणि दहा मिनिटांत ते सापडलं. एक ओळ लिहायची राहिली होती. यंत्राच्या आठवणीची एक पाटी असते आणि खेळ सुरू होताना कुणाचा फोन थांबलेला आहे का, याची तिच्यावर एक जागा असते. सुरुवातीला तिथं शून्य लिहायचं असतं. मी लिहिलंच नव्हतं. पाटी कोरीच असणार असं मी धरून चालले होते. कॉम्प्युटरवर ती पाटी आपोआप पुसलेली मिळते. माझी यादीवाली कॅसेटही खेळ सुरू करायच्या आधी पाटी पुसते. आत्याच्या यंत्रात पुसणारं कुणी नव्हतं. रात्रभर बंद राहिलं की त्या जागी काहीतरी वेडंवाकडं उमटायचं, बहुतेक वेळा तेच, सत्तेचाळीस. आणि एकदा खेळ चालला की त्या जागी शून्य यायचं. मग भराभर बंद-चालू केलं तर आधीचं शून्य पुसायला वेळच मिळायचा नाही. मी त्या रविवारी चाळीस वेळा तेच शून्य बघितलं होतं.

सकाळी, पहिल्यांदा लावला की. तिनं मला उत्तर सांगितलं होतं आणि मी तिलाच विचारलं होतं, यंत्राला सकाळ काय आणि दुपार काय?

शनिवारी मी पुण्याला गेले. सेल वेगळे काढून रुमालात बांधले होते. फोन करून आले नाही, कारण फोनवर काय बोलायचं तेच सुचत नव्हतं.

दादाच्या फ्लॅटची बेल वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. आतून रेडिओचा आवाज येत होता. चौथ्यांदा वाजवूनही दार उघडेना, तेव्हा मी आत्याला फोन लावला.

"आत्या, मी दारात उभी आहे."

दार उघडलं. ती वाळली होती. "वाजली होती होय बेल?" ती म्हणाली. "मला वाटलं वाजली. मग वाटलं, नसेल."

"चार वेळा वाजवली मी."

"घरात कुणी असलं की मी विचारते, वाजली का गं? विलास नि तुझी वहिनी बाहेर गेली की पंचाईत होते." ती हसली. "बस. चहा टाकते."

मला तिथंच रडू आलं असतं. मी पिशवी उघडली.

"चहा नको. आधी हे बघ. चूक माझी होती, आत्या. सत्तेचाळीस खरंच वाजत होता."

मी सेल घातले आणि यंत्र तिच्या हातात दिलं. तिनं चालू केलं.

चोवीस नंबर. शांतता.

मी बघतच राहिले. असं कसं? रोज वाजेलच असं नसतं हे मला ठाऊक होतं, तिच्या वहीतही 'आज नाही' लिहिलेलं होतं, पण आज?

आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे गं. माझ्यासाठी एवढ्या लांब आलीस. मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस, कळतं मला."

"नाही आत्या, तसं नाही! थांब जरा."

सेल काढले. अर्धा तास थांबायचं ठरवलं. तिनं चहा केला, आम्ही तो प्यायलो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते आणि ती माझ्याकडं. एवढी भीती मला कुठल्याही परीक्षेत वाटली नाही. अर्ध्या तासानं मी सेल घातले, यंत्र पुन्हा तिच्या हातात दिलं, आणि तिनं अंगठ्यानं बटण सरकवलं.

किर्र.

ती हलली नाही. आकडा लुकलुकत होता.

"तुला दिसतोय?" तिनं हळूच विचारलं.

"दिसतोय."

"किती?"

"सत्तेचाळीस."

"ऐकू येतंय?"

"येतंय, आत्या."

तिनं यंत्र कानाशी नेलं आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मी एका दमात सगळं सांगितलं, पाटी, शून्य, माझी राहिलेली ओळ. तिला किती कळलं कोण जाणे. मी म्हटलं, "मी आत्ता दुरुस्त करून देते. एका ओळीचं काम आहे."

"वही आणलीस?" तिनं विचारलं.

वही पिशवीतच होती. तिनं चष्मा लावला, ते पान काढलं आणि माझ्या 'लाइन ओके'वर एक रेघ मारली. पेन माझ्यापुढं धरलं.

"नीट लिही. अक्षर चांगलं काढ."

मी लिहिलं, 'लाइन खराब. दोष एक्स्चेंजचा. गिऱ्हाइकाची तक्रार बरोबर.' खाली तारीख आणि सही केली. तिनं दोनदा वाचलं. मग माझ्या गालावर चापट मारली, अगदीच हळू मारली असं नाही.

"माणसाला भास झाला म्हणायच्या आधी एक रात्र राहायचं असतं गं, गार्गे," ती म्हणाली. "मीही कधी राहिले नाही म्हणा."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. मी आत्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, काही विचारलंही नाही. वही हातात घेऊन उठली, तरातरा गेली आणि तिनं दार उघडलं.

दादा होता, हातात भाजीची पिशवी. आत्यानं दारातच सांगितलं, "विलास, मी पुढच्या रविवारी कऱ्हाडला चाललेय. गादी आठवणीनं गाडीत टाकायची."

दादानं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं, त्या दिवशी गॅलरीत बघितलं होतं तसंच.

"गार्गी? हे काय आता?"

"लाइन खराब होती, दादा," मी म्हणाले. "पहिल्यापासून."